कॉलनीतलं चांगलं घर कुठलं, वाईट कुठलं? (एलिव्हेशनवरून, म्हणजे घर पुढून कसं दिसावं यावरून, घरात भांडण चालू आहे)

पडवीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे आणि लांबलाय पण, चहा घेऊन बसा.

कोथरूडमधे आमची जुनी बंगला सोसायटी आहे, प्लॉट साधारण तीन हजार स्क्वेअर फुटांचे. आमचं घर १९७८ चं. लोडबेअरिंग (सगळा भार भिंतींवर), खाली काळ्या दगडाचं जोतं, वर नऊ इंची वीट, पुढे पडवी, मागे मोरी, फाटकाशी बकुळीचं झाड. १९९२ मधे वर दोन खोल्या चढवल्या. आता भिंतींना भेगा पडल्यात, गच्ची गळते, बाबांना जिना होत नाही, त्यामुळे पाडून नवीन बांधायचं ठरलंय. आर्किटेक्टने परवा नवीन घराचं थ्रीडी चित्र पाठवलं. रात्रीचा व्ह्यू, दारात लाल स्पोर्ट्स कार उभी (आमच्याकडे २०११ ची वॅगन आर आहे), पुढून सगळी डबल हाइट, म्हणजे दोन मजले उंच काच, मधे लाकडासारख्या दिसणाऱ्या उभ्या पट्ट्या, एक भिंत दगडी क्लॅडिंगची (वरून चिकटवलेला पातळ दगड), छज्जा औषधालाही नाही. बायकोला आणि मुलाला प्रचंड आवडलंय. आई म्हणाली बँकेसारखं दिसतंय. बाबांचं म्हणणं एवढंच की घर असं पाहिजे की रिक्षावाल्याला खूण सांगता आली पाहिजे.

मग मी आणि मुलगा दोन संध्याकाळी कॉलनीत चकरा मारून आलो, की बाबा आपण ठरवू तरी की चांगलं घर कशाला म्हणायचं. आमचं एकमत झालं ते फक्त वाईटावर. कोपऱ्यापासून तिसऱ्या घराला चार पांढरे ग्रीक खांब आहेत, दोन मजली उंच, आणि त्या खांबांवर काहीच टेकलेलं नाही, वर नुसता एक पातळ पट्टा. बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज येतो (मुलाने वाजवलं, आतून कुत्रं भुंकलं, आम्ही पळालो). त्याच्या समोरच्यांनी कंपाउंड सात फूट वर नेलंय आणि त्यावर हिरवं फायबर, म्हणजे घर चांगलं आहे का वाईट हे बघायची सोयच नाही. एकाने जुन्या छान घराच्या पुढच्या बाजूला नुसतं एसीपी शीट (दुकानांना लावतात तो चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा) ठोकलंय, बाजूने बघितलं की मागचं १९७५ चं घर बिचारं तसंच उभं.

चांगल्यावर मात्र वाद. मला आवडतं ते कोपऱ्यावरचं बुटकं दगडी घर, कंबरेएवढी भिंत, खोल व्हरांडा, लाल कोबा. मुलाच्या मते ते "गव्हर्नमेंट रेस्ट हाउस" आहे. त्याला आवडलं ते विटांचं, जे आठ-दहा वर्षांपूर्वी बांधलं तेव्हा सगळी कॉलनी हसत होती की प्लास्टरला पैसे संपले वाटतं. त्याला जाळीच्या भिंती आहेत, विटा बाहेरून उघड्या. आता खरं सांगायचं तर मलाही ते हळूहळू आवडायला लागलंय.

तर प्रश्न असा की हे नुसतं आवडीनिवडीचं प्रकरण आहे का, की चांगलं घर, वाईट घर असं काही खरंच सांगता येतं? आणि येत असेल तर आमचं ते काचेचं कुठे बसतं? मला स्वतःला पडवी जाणार याचंच वाईट वाटतंय. संध्याकाळी पाचला ऊन थेट पडवीत येतं, बाबा तिथे पेपर घेऊन बसतात आणि साडेपाचला ऊन डोळ्यात गेलं की खुर्ची सरकवतात, इतक्या वर्षांचा नेम आहे तो.

कोपऱ्यावरचा

ग्रीक खांबवाल्यांचं नाव घेऊ नका, आमच्या कॉलनीत पण एक आहेत. वास्तुशांतीच्या वेळी मी विचारलं होतं की खांब कशासाठी, तर म्हणाले "ग्रँजर". बाकी पार्किंगला जागा कमी पडते म्हणून आता त्यातल्या एका खांबाला स्कूटर टेकवतात. कामाला आला म्हणायचा.

उन्हाचा_हिशोब

मी आर्किटेक्ट आहे, त्यामुळे दुसऱ्या आर्किटेक्टच्या कामावर न बघता बोलू नये हे मान्य. पण तुमच्या पोस्टमधे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या वाक्यात लपलीये हो. संध्याकाळी पाचला ऊन थेट पडवीत. म्हणजे तुमचा रस्ता पश्चिमेला आहे. म्हणजे ती डबल हाइट काच पश्चिमेला आहे. बास, माझं उत्तर इथेच संपतं, पण आता सुरुवात केलीच आहे तर लिहितो.

पुण्यात मेच्या मध्यात दुपारी सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो, तो शून्य सावलीचा दिवस पेपरात येतो ना, तोच. त्यामुळे उन्हाळ्यात आपल्याकडे दक्षिणेच्या भिंतीचा त्रास लोकांना वाटतो तेवढा नसतो. मार्च ते सप्टेंबर दीड-दोन फुटांचा छज्जा दक्षिणेच्या खिडकीला दुपारी झाकून टाकतो, आणि डिसेंबरात सूर्य खाली येतो, भर दुपारी ४८ अंशांच्या आसपास, तेव्हा तेच ऊन खिडकीतून आत येतं, जे आपल्याला थंडीत हवंच असतं. इतकी साधी आणि फुकट व्यवस्था आहे ही. पश्चिमेचं तसं नाही. चार ते सहाचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा कितीही बाहेर काढा, खालून घुसतं. त्याला अडवायला उभं काहीतरी लागतं. जाळी, उभी लूव्हर (तिरप्या पट्ट्या), खोल पडवी, नाहीतर झाड. तुमच्या १९७८ च्या घरात यातल्या दोन गोष्टी आहेत, पडवी आणि बकुळ. ज्याने ते घर बांधलं त्याने एलिव्हेशन हा शब्द उच्चारला पण नसेल बहुतेक.

आणि नऊ इंची विटेची भिंत दुपारी तापते ती आत उष्णता सोडते रात्री. म्हणून पश्चिमेच्या बेडरूममधे रात्री दहाला पण भिंतीला हात लावला तर कोमट लागते. आम्ही काय करतो, पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर, कपाटं अशी माणूस जिथे बसत-झोपत नाही ती कामं ढकलतो. ती तापली तर तापू देत. तुमच्या ड्रॉइंगमधे तिथे लिव्हिंग रूम आहे, बरोबर? आणि डबल हाइट, म्हणजे एसी लावला तरी दोन मजल्यांची हवा गार करायची, पंख्याला ही लांब दांडी, आणि कोळिष्टकं काढायला माणूस बोलवायचा.

आता चांगलं-वाईट. माझ्या मते आवड हा भाग आहेच पण तो नंतर येतो. शिवाजी पार्कच्या बाजूच्या १९३०-४० मधल्या बिल्डिंगी बघा कधी. आज सगळे आर्ट डेको आर्ट डेको (ती त्या काळची शैली) करतात, गोलाई बघून फोटो काढतात. पण खिडक्यांवरून सलग गेलेला छज्जा बघा, भुवईसारखा. तो मुंबईच्या पावसासाठी आहे, खिडकी उघडी ठेवून पाऊस बघता यावा म्हणून. जिन्यावर उभी लांब खिडकी, म्हणजे दिवसा दिवा लावायला नको. म्हणजे फॅशन त्या काळची होती, बाहेरूनच आलेली होती, पण इथे आल्यावर तिला छत्री दिली कोणीतरी. ग्रीक खांबाला ती मिळाली नाही एवढाच फरक आहे.

विटांच्या घराचं: भिंतीत विटा उभ्या, म्हणजे कडेवर ठेवलेल्या दिसतायत का बघा. तसं असेल तर तो रॅट-ट्रॅप बाँड. लॉरी बेकर या आर्किटेक्टने केरळात तो खूप वापरला. आत पोकळी राहते, विटा साधारण पाव भाग कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. तुमच्या मुलाची नजर चांगली आहे.

नागपूरकर

बाप्पा, पश्चिमेला दोन मजली काच! आमच्याकडे असं कोणी केलं तर कुरड्या-पापड वाळवायला गच्चीवर जायचं काम नाही, हॉलमधेच सोफ्यावर वाळतील. कूलरची खिडकी कुठे ठेवली ते पण विचारा आर्किटेक्टले.

साइटवरचा

वीस वर्षं साइटवर काढलीत, दोन पैशांचं माझं पण ऐका. आर्किटेक्टसाहेब उन्हाचं बोलले, मी पाण्याचं बोलतो. कारण ऊन सहन होतं, पाणी घर खातं.

छज्जा नसलेल्या घरात पहिल्या पावसाला काही होत नाही. दुसऱ्या पावसाला खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात ओल. तिसऱ्या पावसाला आतल्या पुट्टीचे पापुद्रे. मग मालक आम्हाला फोन करून शिव्या घालतो, आम्ही सिलिकॉन भरून येतो, चौथ्या पावसाला परत तेच. पुण्याचा पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो, म्हणजे परत तुमची तीच काचेची बाजू. काचेला आणि भिंतीला जिथे सांधा आहे तिथे पाणी शोधत शोधत जातं. आणि जिथे छज्जा देता तिथे त्याच्या खालच्या कडेला ड्रिप मोल्ड म्हणजे ती बारीक खाच ठेवायला लावा, नाहीतर पाणी उलटं छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीपर्यंत येतं. बोटभर खाच, फुकटची गोष्ट आहे, दहातल्या आठ साइटवर विसरतात. तसंच पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, वरच्या बाजूचा उतार आतल्या बाजूला, गच्चीकडे द्या. बाहेर दिला की दोन वर्षांत भिंतीवर काळे ओघळ, मग कितीही भारी एलिव्हेशन असू दे, घर रडल्यासारखं दिसतं.

दगडी क्लॅडिंग: नुसतं चिकटवलेलं असेल तर उंचावर नको. उन्हात तापून, पावसात भिजून चिकटणारा माल सोडतो. पिना मारून, क्लॅम्प लावून घ्या आणि नाहीतर ते पैसे जोत्याच्या खऱ्या दगडात घाला. तुमचा जुना घडीव दगड फेकू नका!! पाडकामवाला तो "राडारोड्यात" धरून घेऊन जातो आणि दुसरीकडे विकतो. आधी करारात लिहून घ्या की दगड, सागाच्या चौकटी, शहाबादी फरशी मालकाची. आज तसा घडवून देणारे वडार मिस्त्री शोधून सापडत नाहीत.

गच्चीला ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे), पांढरं. दिसायला जुनं वाटतं पण ऊन परतवतं आणि भिंतीशी वाटा (कोपऱ्यातली गोलाई) नीट मारला तर गळत नाही. बाकी एलिव्हेशन तुमचं तुम्ही बघा, मला सगळी घरं प्लास्टरच्या आधी सारखीच दिसतात.

बाराव्या_मजल्यावरून

तुम्हा बंगलेवाल्यांचं बरंय, पश्चिम का पूर्व यावर चर्चा तरी करता. आम्ही वाकडला टॉवरमधे राहतो, आमचं कोणी विचारत नाही. खाली चार मजले नुसतं पार्किंग, त्यामुळे रस्त्यावरून चालताना शेजारी काय, तर जाळीतून दिसणाऱ्या गाड्या. खिडकीतून मुलाला हाक मारावी तर तो मुंगीएवढा. बाहेर उभे-आडवे काँक्रीटचे पट्टे काढलेत, रंगवलेत केशरी आणि ग्रे, त्यांचा उपयोग काय तर कबुतरं.

माझं लहानपण कोथरूडलाच एका तीन मजली बिल्डिंगमधे गेलं, ऐंशीच्या दशकातली, लिफ्ट नाही. एका जिन्याला चार फ्लॅट, प्रत्येकाला दोन बाजूंनी खिडक्या, लोडशेडिंगमधे पण झोप लागायची. नंतर पुण्यात त्या एकाआड एक अटॅच्ड टेरेसवाल्या बिल्डिंगी आल्या, वर उघडं आकाश, तुळस, झोका, मे महिन्यात गाद्या टाकून झोपायचं. आता नवीन प्रोजेक्टमधे ते दिसतच नाही. आता बाल्कनी म्हणजे काचेचं रेलिंग, ज्यावर कपडे वाळत टाकले की सोसायटीचा मेल येतो. आणि "ड्राय बाल्कनी" नावाची जी जागा आहे तिच्यात वॉशिंग मशीन ठेवलं की माणूस बाहेर. एक चांगलं झालं, २०१७ पासून महाराष्ट्रात रेराचा (बिल्डरांवरच्या कायद्याचा) कार्पेट एरिया आल्यापासून निदान किती चटई आपली हे कळतं, आधी सुपर बिल्टअप नावाच्या मापात लॉबी, जिना, लिफ्ट सगळं आपल्याच डोक्यावर.

मोरीवालीबाई

मी जरा वेगळं बोलते. एवढं सगळं लिहिलंत पण कोणी स्वयंपाकघराचं नाव काढलं नाही. पडवीवाले दादा, त्या थ्रीडीमधे भांडी घासायची जागा कुठे आहे ते बघितलंत का? तुमच्याकडे मागे मोरी आहे म्हणालात. ती गेली की काय होतं सांगते, आम्ही केलाय हा प्रयोग.

आमचं नवीन घर सात वर्षांपूर्वी बांधलं. बाहेरून फारच छान, नातेवाईक येऊन फोटो काढून गेले. ओपन किचन, आयलंड, सगळं. पहिल्याच आठवड्यात मिरचीची फोडणी घातली आणि वरच्या मजल्यावर सासूबाई खोकायला लागल्या, कारण डबल हाइट, वास थेट वर. मासे तर सोडाच. कामाच्या बाई येतात त्यांना भांडी घासायला सिंक, त्यात कढई मावत नाही, बसून घासायची सवय त्यांना आणि जागा मला दोन्ही नाही. गॅलरी रस्त्याच्या बाजूला, तिथे कपडे टाकायचे नाहीत म्हणून "एलिव्हेशन खराब होतं", मग कपडे कुठे तर गच्चीत, आणि गच्चीचा जिना बाहेरून गोल लोखंडी, पावसात घसरडा. मी बादली घेऊन त्यावरून दोनदा पडता पडता वाचले. शेवटी तीन वर्षांनी मागे पत्र्याची शेड घालून तिथे मोरी केली, शहाबादीची, खाली पाय सोडून बसता येईल अशी. आता खरं घर तिथेच आहे. सकाळचा चहा पण आम्ही तिथे पितो आणि आयलंडवर वीजबिलं आणि कुरिअर.

तेव्हा माझ्या मते तरी घर चांगलं का वाईट ते मागच्या बाजूने बघायचं, पुढून नाही. आणि बाबांना जिना होत नाही म्हणताय तर खाली एक पूर्ण बेडरूम बाथरूमसकट आहे ना? थ्रीडीत ते दिसत नाही म्हणून विचारलं. बाथरूमच्या दाराला उंबरा ठेवू नका आणि दार बाहेर उघडेल असं करा. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार उघडत नाही.

पडवीवाला

बाप रे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. खरोखर आभार सगळ्यांचे. मोरीवालीताई, खाली खोली आहे पण ती मागे, आणि पुढे जी जागा आहे ती "फॉर्मल लिव्हिंग". मोरी नाहीये. युटिलिटी लिहिलंय, चार बाय पाच. आईला अजून सांगितलं नाही.

विटा उभ्याच आहेत, मी जाऊन बघून आलो. त्यांच्याकडे विचारायला गेलो तर त्या काकांनी आत बोलावून चहा दिला. दुपारी तीनला गेलो होतो, पंखा बंद होता आणि कळलं पण नाही. म्हणाले पहिली दोन वर्षं रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस विचारायचा, काम कधी पूर्ण होणार.

बेलापूर_कट्टा

इथे एक उदाहरण देतो, कारण मी त्यातच राहतो. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. सिडकोसाठी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ मधे केलेलं. जगभरचे आर्किटेक्चरचे विद्यार्थी वही घेऊन येतात, आमच्या दारात बसून स्केच काढतात, पाणी मागतात. काढू देत.

कल्पना अशी की सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि मधे अजून एक मोठं अंगण, असं वाढत जायचं. प्लॉट फार लहान, पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटर. उतरत्या छपराची बैठी आणि एकमजली घरं. मुख्य म्हणजे कुठल्याच दोन घरांची भिंत एक नाही, मुद्दाम, कारण पुढे ज्याला जसं जमेल तसं त्याने वाढवायचं, शेजाऱ्याला विचारायला नको.

आणि लोकांनी वाढवलं! आज मूळ कौलारू घरं शोधावी लागतात. कोणी तीन मजले चढवलेत, कोणी टाइल्स, कोणी स्टीलचं रेलिंग, आणि हो, एक-दोन ठिकाणी ग्रीक खांब पण आहेत. विद्यार्थी हळहळतात. पण गंमत सांगू, अंगणं अजून आहेत. घरं वाईट झाली असतील तुमच्या व्याख्येने, पण दोन घरांमधली जागा चांगली आहे त्यामुळे राहायला अजून मजा येते. पोरं तिथेच क्रिकेट खेळतात, दिवाळीत किल्ला तिथेच, गाडी आत येत नाही फार. माझ्या शेजाऱ्याचं घर मला बिलकुल आवडत नाही, भडक निळं आहे, पण त्याची पायरी माझ्या पायरीपासून वीस पावलांवर आहे आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघं आपापल्या पायरीवर बसून गप्पा मारतो. तर तुमच्या कॉलनीत वाईट घर मला विचाराल तर खांबवालं नाही, ते सात फुटी फायबरवालं. खांबवाला बिचारा निदान दाखवायला तरी उभा आहे.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इकडची गंमत सांगतो थोडक्यात. माझ्या घराला पुढून वीट आहे. बाजूला आणि मागे प्लॅस्टिकची पट्टी, विनाइल सायडिंग म्हणतात. म्हणजे तुमच्या एसीपीवाल्यांचं जे झालंय ते इथे सरसकट, पुढून शर्ट इन केलेला आणि मागून बाहेर. खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना शटर्स आहेत जी भिंतीला स्क्रूने मारलेली आहेत. मी एकदा मापं घेतली, बंद करता आली असती तरी खिडकी झाकली नसती, एवढी अरुंद. घराच्या तोंडावर सोळा फुटी गॅरेजचं दार, माणसाचं दार कुठेतरी कडेला.

पण कंपाउंड वॉल नाही कोणालाच, पुढे सगळं सलग हिरवळ. सुरुवातीला मला फार आवडलं होतं. मग लक्षात आलं की त्या हिरवळीवर कोणी बसत नाही, सगळे मागच्या डेकवर. तेव्हा भिंत काढली की लोक बोलतात असं पण नाहीये, बेलापूरकर. पायरी लागते.

तुमच्या त्या हळूहळू वाढवलेल्या घरांवरून आठवलं, लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन आहे, १९४७ पासून बांधलेलं, साडेसातशे स्क्वेअर फुटांची हजारो एकसारखी घरं. तेव्हा त्याला किती नावं ठेवली लोकांनी. आज तिथे मूळ रूपातलं घर सापडणं कठीण, प्रत्येकाने काही ना काही वाढवलंय.

पंचाहत्तरी_पार

मी सहकारनगरला राहते, वय वाढलेलं आहे, टाइप हळू होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमचं नदीकाठच्या पेठेतलं बिऱ्हाड गेलं. नंतर इकडे आलो. सुरुवातीला दोन खोल्या होत्या आणि भोवती माळ. सासऱ्यांनी सगळ्यात आधी काय केलं तर बाहेर ओटा बांधला, कारण वाड्यात ओट्यावर बसायची सवय. घराला रंग द्यायचा राहिला होता पण ओटा झाला. त्या वेळी कोणाकडे आर्किटेक्ट नव्हता, गवंडी विचारायचा खिडकी कुठे, आणि सासरे वारा कुठून येतो ते बघायला दोन दिवस तिथे उभे राहायचे.

सगळं जुनं चांगलं असं मी म्हणणार नाही. वाड्यातली आमची खोली अंधारी होती, संडास सामायिक, पाण्याला रांग. आता नात म्हणते "वाडा लुक" करायचा, आणि भिंतीला खोटे लाकडी खांब चिकटवणार आहेत. मी म्हटलं मग सामायिक संडास पण कर म्हणजे लुक पूर्ण होईल.

पडवी ठेवा. वडिलांना विचारा खुर्ची कुठे ठेवणार, आणि तिथून सुरू करा.

उन्हाचा_हिशोब

आजींना नमस्कार. वारा बघायला दोन दिवस उभं राहणं, हे आमच्या फीमधे बसत नाही हो, पण बसायला हवं.

पडवीवाले, तुमच्या आर्किटेक्टशी भांडू नका. बरेचदा काय होतं, क्लायंट फोनवर दहा फोटो पाठवतो, तेही परदेशातल्या थंड गावातले जिथे ऊन आत यावं म्हणून काच असते, आणि मग आम्ही तेच देतो कारण तेच मागितलेलं असतं. तुम्ही कोणते फोटो पाठवले होते ते आठवा जरा. एवढंच विचारा की जिना आणि बाथरूम पश्चिमेला घेऊन बसायची खोली मागे बागेकडे नेता येईल का, आणि पुढे पडवी. आणि थ्रीडीत बकुळ दाखवा म्हणावं. तुमच्या वर्णनात तिचा उल्लेख आहे, चित्रात आहे का?

पडवीवाला

चित्रात बकुळीच्या जागी एक पाम आहे. आणि हो, फोटो मीच पाठवले होते. बारा. त्यातले चार डेन्मार्कचे निघाले.

काल मीटिंग झाली. आर्किटेक्ट बाई चांगल्या आहेत, उलट म्हणाल्या की पडवीबद्दल तुम्ही आधी काही बोललाच नाहीत. जिना पश्चिमेला येतोय, त्याला उभी जाळी, विटेची. डबल हाइट गेली, मुलगा दोन दिवस बोलत नव्हता, मग त्याला वरची पूर्वेची खोली दिली. मागे मोरी, सहा बाय सात, आईने स्वतः खडूने जमिनीवर आखून दिली. बाबांना विचारलं खुर्ची कुठे, तर म्हणाले आहे तिथेच, साडेपाचला सरकवायला जागा ठेवा. खर्च कमी होईल वाटलं होतं पण तसं काही नाही, काचेचे वाचले ते खाली दुसरं बाथरूम आणि सागाच्या चौकटी परत बसवण्यात गेले.

पाडकाम पुढच्या महिन्यात. दगडाचं करारात घातलंय. अजून एकच शंका, बकूळ फाटकापासून जेमतेम पाच फुटांवर आहे, जेसीबी आत यायला अडचण होईल असं पाडकामवाला म्हणतोय, फांद्या मारू का विचारतोय.

साइटवरचा

अजिबात मारू देऊ नका. एक तर झाडाला हात लावायला मनपाच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, १९७५ चा वृक्ष कायदा आहे, आणि फांदीच्या नावाखाली अर्धं झाड जातं. छोटा जेसीबी मागवायला लावा, नाहीतर फाटकाचा दुसरा खांब पाडा, तो तसाही जाणारच आहे. खोडाभोवती फळ्या बांधून घ्या. वाळू-खडी मुळांवर टाकू देऊ नका आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिक्सर धुतलेलं पाणी तिथे सोडू देऊ नका. सिमेंटचं पाणी मुळात जातं आणि मालक दोन वर्षांनी म्हणतो झाड कशाने वाळलं कळलंच नाही.

पडवीवाला

सांगितलं त्याला. छोटा जेसीबी आणतो म्हणाला, हजार रुपये जास्त. फळ्या उद्या येतायत. तोवर आईने खोडाला तिची जुनी लाल साडी गुंडाळून ठेवलीये, ड्रायव्हरला लांबून दिसावी म्हणून. आता येणारे-जाणारे हळदीकुंकू वाहून जातायत.